समुद्र आमचा, अभ्यास कुणाचा?

आमच्याकडे इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. वाण आहे ती इतिहास वाचता येणाऱ्यांची. हे विधान कुणाला झोंबले तर झोंबो. दिवाळीच्या फराळात एखादी तळलेली मिरचीही असावी, एवढीच या लेखाची भूमिका.

निमित्त घडले ते असे. आमच्या पेडण्याच्या भागातल्या एका मुलीने इतिहास घेऊन बी.ए. केले आणि पुढे व्हायकिंगांच्या इतिहासाचा व संस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यास करायची इच्छा घरी बोलून दाखवली. व्हायकिंग म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडचे दर्यावर्दी. गोष्ट घरातून तिठ्यावर आणि तिठ्यावरून देवळाच्या मांडवात पोचायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो? दोनच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होते. पहिला प्रश्न, ‘हे शिकून पोट भरणार काय?’ हा आईबापांचा प्रश्न आहे आणि आईबापांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. दुसरा प्रश्न मात्र मांडवातल्या पुढच्या खुर्च्यांवरून आला. ‘आपल्याकडे कान्होजी आंग्रे असताना त्या परक्या चाच्यांचा इतिहास कशाला?’ हा लेख या दुसऱ्या प्रश्नकर्त्यांसाठी आहे.

त्यांना माझा उलट प्रश्न असा की, उद्या हीच मुलगी म्हणाली, ‘बरे, व्हायकिंग राहू देत, मला कदंबांच्या गलबतांचा, सावंतांच्या आरमाराचा, कान्होजीच्या काळाचा अभ्यास करायचा आहे’, तर तिची सोय आपण कुठे करून ठेवली आहे? इतिहासाच्या एम.ए.त गोव्यावर पेपर असतो, मराठ्यांवर पेपर असतो, हे मला ठाऊक आहे. पण ताम्रपट वाचणे, मोडी उलगडणे, पोर्तुगीज दप्तर चाळणे आणि जहाजाच्या फळ्यांची भाषा समजणे ही चारही अंगे एकाच विद्यार्थ्याच्या हाती यावीत, असा या किनाऱ्याचा म्हणून स्वतंत्र अभ्यासक्रम निदान माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी स्वतःच्या घरात चूल मांडली नाही, त्यांनी पोरीला ‘शेजाऱ्याकडे जेवायला जाऊ नको’ असे बजावण्यात काय अर्थ?

आता, हे व्हायकिंग शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, ते पाहू. पुष्कळांच्या डोळ्यांसमोर शिंगांचे शिरस्त्राण घातलेला दाढीवाला दांडगट उभा राहतो. गंमत अशी की शिंगे असलेले व्हायकिंगांचे एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नर याच्या नाट्यप्रयोगासाठी कपडेपट तयार करणाऱ्याने पात्रांच्या डोक्यावर शिंगे चढवली, आणि जगाने तीच खरी मानली. नॉर्वेत १९४३ साली जे खरे शिरस्त्राण हाती लागले, ते साधे गोल आणि डोळ्यांभोवती लोखंडी पट्टी असलेले आहे. म्हणजे पदव्युत्तर वर्गात पाऊल टाकणाऱ्याला आधी स्वतःच्या डोक्यातली शिंगे उतरवून ठेवावी लागतात. आपल्या कॅलेंडरांवरच्या आणि मालिकांमधल्या पूर्वजांचे पोशाख पाहिले की वाटते, ही शिंगे उतरवण्याची शिकवणी आम्हांलाही हवी आहे.

दुसरी गोष्ट. व्हायकिंगांचा काळ साधारणपणे ७९३ सालच्या लिंडिसफार्नच्या मठावरील धाडीपासून १०६६ सालच्या इंग्लंडमधल्या लढाईपर्यंत धरतात. या धाडींची वर्णने कुणी लिहिली? ज्यांच्यावर धाड पडली त्या मठवासीयांनी. लेखणी त्यांच्या हातात होती, म्हणून शतकानुशतके व्हायकिंग म्हणजे लुटारू एवढेच जगाला ठाऊक राहिले. मग त्यांच्याच वंशजांनी बाराव्या-तेराव्या शतकांपासून आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या ‘सागा’ नावाच्या गद्यकथा तपासल्या गेल्या, दगडांवर कोरलेली ‘रून’ लिपी वाचली गेली, जमिनीखालची जहाजे वर आली, आणि त्या लुटारूमागचा व्यापारी, शेतकरी, सुतार, कायदेपंडित दिसू लागला. आइसलँडच्या लोकांनी ९३० साली आपली लोकसभा भरवली. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती १९६० साली सापडली, आणि तिथले लाकूड १०२१ साली तोडलेले होते, हे शास्त्रज्ञांनी २०२१ साली झाडाच्या वर्तुळांवरून सिद्ध केले. कोलंबसाच्या आधी पावणेपाचशे वर्षे!

वाचकहो, ‘लेखणी शत्रूच्या हातात’ ही कथा आपल्याला अनोळखी आहे काय? कान्होजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर मोहीम काढली, दोन्ही फसल्या. पण १७३७ साली लंडनमध्ये छापलेल्या डाउनिंगच्या पुस्तकात कान्होजी चाचाच ठरला, आणि पुढची इंग्रजी पुस्तके तेच गिरवत राहिली. आमच्या दारातलेच उदाहरण घ्या. सावंतवाडीकरांची आणि मालवणची जहाजे इंग्रजी कागदांत ‘मालवणचे चाचे’ म्हणून येतात. १७६५ साली मुंबईच्या इंग्रजांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि तेरेखोल खाडीपलीकडचा रेडीचा किल्लाही घेतला. १८१२च्या तहांनी करवीरकरांकडून मालवण आणि सावंतांकडून वेंगुर्ले गेले, तेव्हा या ‘चाच्यां’चा बंदोबस्त झाल्याची नोंद झाली. हे चाचे होते की आपल्या पाण्यात जकात मागणारे सत्ताधीश होते? की दोन्ही? मला उत्तर ठाऊक असल्याचा आव मी आणत नाही. मी एवढेच म्हणतो की उत्तर घोषणेत मिळणार नाही, कागदात मिळेल. आणि कागद वाचणारा आपण तयार केलेला नाही.

व्हायकिंगांच्या अभ्यासक्रमाकडे मी कौतुकाने पाहतो ते त्यांच्या पराक्रमासाठी नव्हे, तर त्या शिक्षणाच्या शिस्तीसाठी. आइसलँड विद्यापीठाने ऑस्लो विद्यापीठाच्या जोडीने व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स विषयाची दोन वर्षांची एम.ए. उभी केली. तिथे विद्यार्थी आधी जुनी नॉर्स भाषा शिकतो, हस्तलिखिते वाचायला शिकतो. मते मांडायची ती त्यानंतर. आणि हा आइसलँड देश केवढा? लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आपल्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती. ‘आम्ही लहान, आमची शक्ती ती किती’ हे रडगाणे त्या तराजूत घालून पाहावे.

याहून जवळचे उदाहरण हवे तर स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटे पाहा. मला ती बेटे नकाशावर पाहूनही पेडण्याची आठवण होते. वस्ती जेमतेम २२ हजार. आमचा पेडणे तालुका २०११ साली पाऊण लाखाचा होता. ही बेटे काही शतके नॉर्स लोकांच्या ताब्यात होती. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने आपल्या मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. गहाण काही सुटले नाही. राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली, आणि तिथली ‘नॉर्न’ बोली हळूहळू विरत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायमची गेली. आमचा पेडणे महालही सावंतवाडीकरांच्या ताब्यातून १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. तोही काही रयतेला विचारून नव्हे. फरक एवढाच की आमची भाषा मेली नाही. घरात कोकणी, पोथीत आणि शाळेत मराठी, कचेरीत पोर्तुगीज असा संसार आमच्या पणज्यांनी रेटला.

आता त्या २२ हजार वस्तीच्या ऑर्कनीत काय घडले ते ऐका. तिथल्या कर्कवॉल गावी असलेल्या हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाच्या संस्थेने व्हायकिंग विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तो घरबसल्या शिकता येईल अशी सोय केली. त्या बेटावरच्या एका पाषाणयुगीन थडग्यात बाराव्या शतकात शिरलेल्या नॉर्स लोकांनी भिंतींवर रून लिपीत सुमारे तीस लेख खरवडले आहेत. बहुतेक लेख ‘अमक्याने हे कोरले’ अशा थाटाचे. आमच्याकडे किल्ल्याच्या भिंतीवर कोळशाने नावे लिहितात ना, तसेच. पण त्यांनी त्या खरवडण्याचाही अभ्यास केला. ज्यांची बोली मेली, ते मेलेल्या बोलीवर पदवी देतात. ज्यांची जिवंत आहे, ते आम्ही मांडवात बसून पोरीची थट्टा करतो.

‘पण आपल्या किनाऱ्यावर अभ्यास करण्याजोगे आहे तरी काय?’ असे कुणी विचारील, म्हणून थोडी यादी देतो.

गोव्याचे कदंब हे समुद्राकडे तोंड करून राज्य करणारे राजे. गोपकपट्टण हे त्यांचे बंदर. त्यांच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात एक प्रसंग आहे. राजा गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली, आणि एका धनाढ्य अरबी मुसलमान व्यापाऱ्याने त्याला मदत केली. पुढे कदंबांनी त्या घराण्याला आपल्या राज्यात मान दिला. शैव राजा, सोमनाथाची यात्रा आणि मदतीला मुसलमान नावाडी! आजच्या भाषणांच्या साच्यात न बसणारा हा प्रसंग आहे, आणि म्हणूनच तो मूळ ताम्रपटात वाचता येणारी माणसे हवीत.

स्वीडनजवळच्या गॉटलँड बेटावर जहाजे कोरलेले शेकडो चित्रपाषाण आहेत. व्हायकिंगांची शिडे कशी होती, दोर कसे बांधले जात, हे अभ्यासक त्यांवरून ताडतात. आपल्याकडे काय कमी आहे? मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत. त्यांवर वल्हेकऱ्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात झालेले समुद्रयुद्ध ते हेच, असे पुष्कळ मानतात. काहींना ते मान्य नाही. हेमाद्रीच्या प्रशस्तीत सोमेश्वराला समुद्रात जलसमाधी मिळाल्याचा उल्लेख येतो. गोव्याच्या वस्तुसंग्रहालयांतही जहाजे कोरलेले कदंबकालीन वीरगळ आहेत. गॉटलँडच्या दगडांवर प्रबंधांचे ढीग पडले. आमच्या वीरगळांना कुठे शेंदूर लागला, कुठे ते पायरीला लागले.

मग आमच्या तालुक्यातले हळर्ण. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतांकडून हळर्णचा किल्ला घेतला. त्याच वर्षी तेरेखोलही गेला. त्या व्हाइसरॉयला पुढे पोर्तुगालच्या राजाने किताब दिला तो ‘आलोर्नाचा मार्कीस’ असा. आलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण! पोर्तुगालच्या उमरावांत एक घराणे पिढ्यान् पिढ्या पेडण्यातल्या एका खेड्याचे नाव मिरवत राहिले. आमच्या शाळांतली किती मुले हे जाणतात, आणि हळर्णमधली तरी किती जाणतात? तेरेखोलचा किल्ला हॉटेल म्हणून चालवला गेला. पर्यटक तिथे राहून गेले, सूर्यास्त पाहून गेले. तो किल्ला कुणी बांधला आणि कुणी कुणाकडून घेतला हे सांगणारा वाटाड्या त्यांना भेटला असेल तर मला आनंदच आहे.

जहाजांचीच गोष्ट काढली तर डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या खाडीत १९६२ साली पाच व्हायकिंग जहाजे वर काढली गेली. शत्रूची वाट अडवण्यासाठी ती १०७०च्या सुमारास मुद्दाम बुडवली होती. त्यांतल्या एका युद्धनौकेची हुबेहूब प्रतिकृती जुन्याच हत्यारांनी बांधून २००७ साली साठ-पासष्ट माणसांनी ती डब्लिनपर्यंत वल्हवत, शिडांवर नेली. आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून गोव्यात एक जहाज बांधले गेले. केरळचे कारागीर, गोव्याचा कारखाना. आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच्या शिडावर कदंबांचा गंडभेरुंड आहे. पण बांधणाऱ्यांना चित्रावर विसंबावे लागले, कारण असे जुने जहाज किंवा त्याचा आराखडा हाती नव्हता. चित्र आणि फळी यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते भरून काढायला अभ्यासक लागतात, आणि ते मुहूर्ताच्या नारळातून निघत नाहीत.

इथवर वाचून एखादा म्हणेल, ‘मास्तर, हे सारे पिसुर्लेकरांनी करून ठेवले आहे.’ होय, ठेवले आहे. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज शिकले, पणजीच्या दप्तरखान्याचे प्रमुख झाले, आणि पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास असा काढला की १९६७ साली पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ छापला. त्यांच्या आधी राजवाड्यांनी गावोगाव फिरून रुमाल गोळा केले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. या माणसांपुढे मी हात जोडतो. पण हात जोडून झाल्यावर विचारतो की त्यांच्यानंतर रांगेत कोण? एका पिसुर्लेकरांच्या पुण्याईवर आम्ही किती पिढ्या जेवणार? गोव्याचा दप्तरखाना १५९५ साली स्थापन झालेला आहे. चारशेहून अधिक वर्षांचे ते कागद एका माणसाच्या आयुष्यात वाचून संपतील, असे म्हणणाऱ्याने त्या दप्तरखान्याचा दरवाजा पाहिलेला नसावा.

‘आमचे कागद परदेशात नेले’ अशीही एक तक्रार ऐकू येते. ती खरीच आहे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात गोव्यातून गेलेली मराठी आणि कोकणी हस्तलिखिते रोमन लिपीत उतरवलेली आहेत. लिस्बनला तर खंडच्या खंड गेले आहेत. आइसलँडचेही असेच झाले होते. त्यांची हस्तलिखिते कोपनहेगनला होती, १७२८च्या आगीत त्यांतली काही जळाली. त्यांनी पिढ्यान् पिढ्या मागणी लावून धरली, आणि २१ एप्रिल १९७१ रोजी दोन अमूल्य हस्तलिखिते घेऊन डेन्मार्कचे जहाज रेक्याविकच्या धक्क्याला लागले, तेव्हा सारे शहर स्वागताला उतरले. हे आले कसे? मागणाऱ्यांच्या पाठीमागे वाचणारे उभे होते म्हणून. उद्या ब्रागाहून पेटी आली तर आपण तिची मिरवणूक काढू, हार घालू, आणि मग ती उघडून वाचायला कुणाला बोलावू?

परदेशाचे सोडा, घरचेच बोलू. आमच्या भागात जुनी घरे पाडून नवी बांधण्याचा सपाटा चालला आहे. माळ्यावरची मोडी कागदांची गाठोडी खाली येतात. ‘काय लिहिलेय कुणाला कळतेय’ म्हणत ती न्हाणीच्या चुलीत जातात, वाळवीने खाल्लेली असली तर परसात पेटवली जातात. माझ्या माहितीतल्या एका घरात अशी दोन गाठोडी एका सकाळी गेली. पाणी चांगले तापले, असे घरची मंडळी सांगत होती. त्यांना मी दोष देत नाही. अक्षर वाचता येत नसले की कागद आणि केरसुणी सारखीच. दोष आहे तो त्यांना अक्षर शिकवण्याची व्यवस्था न करणाऱ्या आम्हा शिकलेल्यांचा, ज्यांना त्याच सकाळी शिवजयंतीच्या वर्गणीची पावती फाडायला वेळ असतो.

आता आईबापांचा प्रश्न, पोट भरेल काय? खोटे सांगणार नाही. हा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला नोकरी मिळेल, असे म्हणणे ही फसवणूक होईल. पण एक पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि आमच्या तालुक्यात जमिनीला सोन्याचे मोल आले. त्या जमिनींचे जुने कागद कुठल्या भाषेत आहेत? पोर्तुगीजमध्ये, आणि त्याहून जुने मोडीत. आपल्या आजोबांनी काय लिहून दिले होते हे कळायला आपण दुसऱ्याचे पाय धरतो, तो सांगेल ते खरे मानतो आणि सही करतो. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारे माणूस पेडण्यात असते तर त्याच्या दारात रांग लागली असती. दप्तरखाने आहेत, वस्तुसंग्रहालये आहेत, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या जहाजांचा शोध घेतला आहे. कामे आहेत, माणसे नाहीत. आणि ज्या विषयांत आम्ही पोरांना डोळे मिटून ढकलतो, त्या विषयांच्या पदव्या घेऊन किती जण कुठे हाताला मिळेल ते काम करीत आहेत, तेही एकदा मोजावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. ‘हा अभ्यास कुठल्या भाषेत? मराठीत की कोकणीत?’ १९८७च्या राजभाषा कायद्याच्या वेळेपासून हा प्रश्न आला की दोन्हीकडचे आवाज चढतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. अभ्यासाची भाषा म्हणून मराठीचा हक्क मी सोडणार नाही, कारण या भागातले कागद, पोथ्या, कीर्तने, शाळा मराठीने सांभाळल्या. पण मोडी कागदातली शेतांची, बांधांची, वाड्यांची नावे ज्याच्या आईची बोली कोकणी आहे त्यालाच चटकन कळतात, हेही तितकेच खरे. बेळगाव-खानापूरच्या वाचकांना सांगायला नको की गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी त्यांच्या हलशीला होती, आणि त्या राजांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. म्हणजे कदंबांचा अभ्यास करायचा तर कन्नडशी वैर करून चालणार नाही. आमच्या शापोरा नदीने हा धडा कधीच शिकवला आहे. ती पलीकडच्या रामघाटाकडे उगम पावते, तिळारी म्हणून वाहते आणि आमच्याकडे येऊन नाव बदलते. पाणी तेच राहते. इंग्रजीतले स्काय, एग, विंडो, इतकेच काय ‘दे’ हे सर्वनामसुद्धा व्हायकिंगांकडून आले आहे. म्हणून इंग्रज काही बाटले नाहीत. आम्हीही पाव, बटाटा, चावी, पगार पोर्तुगीजांकडून घेऊन मराठीच राहिलो. दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलेले आमचे मूल अधू नाही; या अभ्यासासाठी त्याच्याइतके तयार मूल पुण्यात-मुंबईतही सापडायचे नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि खर्चाच्याही नाहीत. माध्यमिक शाळांनी आठवी-नववीला शनिवारी एक तास मोडीचा ठेवावा. तीन महिन्यांत हुशार मूल सोपे पत्र वाचू लागते. सीमाभागातल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन किनाऱ्याच्या इतिहासाचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा. त्यात मोडी, पोर्तुगीज आणि हळेकन्नड यांपैकी दोन तरी वाचता आल्याशिवाय पदवी देऊ नये. साहित्य मंडळांनी आणि उत्सव समित्यांनी एका वर्षीचा एक सत्कार, एक शाल-श्रीफळ कमी करून त्या पैशांत एका विद्यार्थ्याची फी भरावी. मालवणपासून कारवारपर्यंतच्या गाबीत आणि खारवी म्हाताऱ्यांकडे वाऱ्यांची, दोरांची, खडकांची जी नावे आहेत, ती लिहून घ्यावीत. ती माणसे थांबणार नाहीत. आणि घराघरांनी माळ्यावरचे गाठोडे जाळण्याआधी निदान शाळेत आणून दाखवावे.

त्या मुलीला व्हायकिंग शिकायचे असतील तर खुशाल जाऊ द्या. तिकडे ती मेलेली भाषा वाचायला शिकेल, दगडाला प्रश्न विचारायला शिकेल, आपल्याच पूर्वजांवर शंका घ्यायला शिकेल. हे शिकून आलेले माणूस या किनाऱ्यावर फुकट जायचे नाही. आणि ती परत आली नाही, तरी तिला इथे शिकवायला आपल्याकडे काय होते, याचा जाब मांडवातल्या पुढच्या खुर्च्यांनी द्यावा.

कान्होजीचा जयजयकार करायला घसा पुरतो. त्याचे एक पत्र वाचायला मोडी लागते. आपल्यापैकी किती जणांपाशी काय आहे, ते ज्याने त्याने या दिवाळीत घरचा माळा झाडताना तपासून पाहावे.